वाचक विचारतात : भट्टीला घाई का नाही?

प्रश्न : दादा, माझा भाऊ भोसरीत भट्टीवर कामाला आहे, तो म्हणतो कार्बन फायबरवालं सिरॅमिक बनवायला आठवडेच्या आठवडे लागतात. मग टेम्परेचर वाढवून उरकत का नाहीत?

उत्तर : भाऊ खरं सांगतोय. यात नेहमीच्या सिरॅमिकसारखी पावडर भाजत नाहीत, गॅस मुरवतात. फायबरचं कापड थरावर थर रचून भट्टीत ठेवायचं, साधारण १००० डिग्री, प्रेशर एकदम कमी, आणि मग मिथाइलट्रायक्लोरोसिलेनची (सिलिकॉन नि कार्बन दोन्ही असलेल्या रसायनाची) वाफ नि हायड्रोजन सोडायचा, ती वाफ धाग्यांपाशी फुटते, सिलिकॉन कार्बाइड, म्हणजेच ते सिरॅमिक, बसत जातं आणि हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो (हा आम्लाचा वायू धुऊन काढणारा स्क्रबर नसेल तर पंपाची वाट लागलीच समजा). आता आच वाढवली की मोठ्या गॅसवरच्या थालीपिठासारखं होतं, बाहेर कडक आत कच्चं, म्हणजे वरची छिद्रं आधी बुजतात नि गॅस आत जातच नाही. हळू केलं तरी साय धरतेच, मग पीस बाहेर काढा, डायमंड टूलने वरचा थर घासा, परत भट्टीत. एवढं करूनही १०-१५ टक्के पोकळी राहते.

आणि हो, त्याआधी धाग्यावर पायरोकार्बनचा (गॅसमधूनच बसवलेल्या कार्बनचा) एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, पातळ लेप देतात, तो विसरलात तर तडा सरळ धागा कापत जातो, काचेसारखा.