वावरातला सेन्सर, फोनवरचा आकडा: वाचकांची प्रश्नोत्तरे

शेतातली उपकरणं क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरला, जोडण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा सूर एकच आहे: 'क्लाउडवर आकडा चुकीचा दिसतो'. दोष क्लाउडमध्ये क्वचितच सापडतो. तो बहुधा पिनमध्ये, बॅटरीत किंवा सेन्सर आणि माती यांच्यातल्या फटीत असतो. म्हणून उत्तरांची सुरुवात तिथूनच केली आहे.

कपाशीच्या वावरात ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या बोर्डाला ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर जोडला आहे, पिन २६ वर. लॅपटॉपवर आकडा नीट येतो, पण वाय-फाय सुरू केलं की बिघडतो. शिवाय टक्केवारी कशी काढायची ते समजत नाही. (दारव्हा, जि. यवतमाळ)

पहिला दोष पिनचा आहे. ईएसपी३२ मध्ये अॅनालॉग मोजणीचे (व्होल्टेजचा आकडा करणारे) दोन विभाग आहेत. पिन २६ दुसऱ्या विभागात येते आणि वाय-फाय चालू असताना तो विभाग वापरता येत नाही. वायर पिन ३२ ते ३९ पैकी एखादीवर घ्या. ३४ किंवा ३५ सोयीची. प्रोग्राममध्ये फक्त पिनचा क्रमांक बदलावा लागेल.

टक्केवारीचं काम मात्र सावकाश करण्यासारखं आहे. हा सेन्सर टक्के मोजत नाही. तो ० ते ४०९५ मधला एक आकडा देतो. माती कोरडी असेल तर तो मोठा असतो, ओली असेल तर लहान. इंटरनेटवरून उचललेलं सूत्र काळ्या मातीत चालत नाही, कारण त्या सूत्रामागची माती वेगळी असते. स्वतःच्या वावरातली माती वापरून तक्ता बनवा.

१५ ते २० सेंटिमीटर खोलीवरून सहा-सात किलो माती काढा. उन्हात पसरून पूर्ण वाळवा, ढेकळं फोडा, खडे वेचा. पाच डब्यांत प्रत्येकी १ किलो माती घ्या. पहिल्यात पाणी घालू नका. पुढच्या चार डब्यांत अनुक्रमे १००, २००, ३०० आणि ४०० मिलिलिटर पाणी घालून नीट कालवा. झाकण लावून एक दिवस ठेवा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरेल. मग प्रत्येक डब्यातली माती सारख्याच दाबाने बसवून सेन्सर खुणेपर्यंत खोचा, २० वाचनं घ्या, ती चढत्या क्रमाने लावा आणि त्यांतलं मधलं लिहून ठेवा. सरासरी घेऊ नका, कारण एखादं भरकटलेलं वाचन ती ओढून नेतं. १ किलोला १०० मिलिलिटर म्हणजे वजनाने १० टक्के, म्हणून डबे ०, १०, २०, ३० आणि ४० टक्क्यांचे धरा. पाच आकडे मिळाले की दोन आकड्यांमधली टक्केवारी सरळ रेषेने काढता येते. एक लक्षात असू द्या: उन्हात वाळवलेल्या काळ्या मातीतही थोडी ओल उरते, त्यामुळे तुमचा शून्य खरा शून्य नसतो. खरा शून्य हवा असेल तर नमुना १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवून वजन करावं लागतं. पाणी कधी द्यायचं एवढं ठरवायला मात्र उन्हातला शून्य पुरतो.

क्लाउडवर टक्केवारीसोबत मूळ आकडाही वेगळ्या व्हेरिएबलमध्ये (नोंदीच्या रकान्यात) पाठवा, हा आमचा आग्रह आहे. पुढे तक्ता चुकलेला निघाला तर मूळ आकड्यांवरून अख्ख्या हंगामाची टक्केवारी पुन्हा काढता येते. नुसते टक्के साठवले असतील तर ते सगळे वाया जातात.

आता काळ्या मातीचा खास त्रास. ती वाळताना आकसते, भेगा पडतात आणि सेन्सरची पट्टी हवेत उघडी पडते. आलेखात ते लगेच ओळखू येतं: ओल उतरते ती दिवसागणिक थोडी थोडी, पण फट पडली की एका रात्रीत मोठी पायरी दिसते. उपाय असा: सेन्सरपेक्षा किंचित रुंद भोक तिरपं पाडा, त्याच मातीचा पातळ गारा त्यात ओता आणि मग पट्टी बसवा. ड्रिपरच्या अगदी खाली लावू नका, १० ते १५ सेंटिमीटर बाजूला लावा. पट्टीच्या कापलेल्या कडांमधून पाणी आत शिरतं, म्हणून कडांना आधीच इपॉक्सी लावा आणि वरचा इलेक्ट्रॉनिक भाग उष्णतेने आकसणाऱ्या नळीत बंद करा.

आमची जमीन खारपाणपट्ट्यातली आहे. सेन्सर नेहमी खऱ्यापेक्षा जास्त ओल दाखवतो. (दर्यापूर, जि. अमरावती)

क्षारांमुळे असं होतं. स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर कमी वारंवारतेवर चालतो आणि मातीतले क्षार त्याला पाण्यासारखेच भासतात. वरचा तक्ता तुमच्याच मातीचा करा आणि पाणीही तुमच्याच विहिरीचं वापरा. बाटलीबंद पाण्याने केलेला तक्ता तुमच्याकडे खोटा ठरेल. दोन काट्यांचे रोधावर चालणारे सेन्सर तर घेऊच नका. खाऱ्या जमिनीत त्यांचे काटे फार लवकर झिजतात.

संत्र्याच्या बागेत वाय-फाय नाही, म्हणून मोबाइल नेटवर्कचं सिम८००एल मॉड्यूल लावलं. माहिती पाठवायच्या क्षणी बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या बागेत तेच मॉड्यूल जिओच्या सिमवर नेटवर्कच पकडत नाही. (वरुड, जि. अमरावती)

दोन वेगळे आजार आहेत. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: सिम८००एल फक्त २जी वर चालतं आणि जिओकडे २जी नाही. त्या बागेत ४जी कॅट-१ (कमी वेगाचं, उपकरणांसाठीचं) मॉड्यूल लागेल, उदाहरणार्थ ए७६७०सी. घेताना जिओचे बँड (वारंवारतेचे पट्टे) ३, ५ आणि ४० आहेत का ते माहितीपत्रकात पाहा. नव्याने बसवत असाल तर सिम कोणतंही असो, २जी मॉड्यूल घेऊ नका, असंच आम्ही सांगू.

बोर्ड बंद पडण्याचं कारण वीज. सिम८००एल ला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि संदेश पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनमधून तो मिळत नाही, आणि ५ व्होल्ट थेट दिले तर मॉड्यूल जळू शकतं. १८६५० आकाराच्या एका लिथियम-आयन सेलवरून जाड, आखूड वायरने थेट पुरवठा द्या आणि मॉड्यूलच्या पायांजवळच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ब्रेडबोर्डच्या बारीक वायर इथे चालत नाहीत. व्होल्टेज त्यांच्यातच पडतं.

एवढं करूनही अडलं तर सिग्नल तपासा. 'एटी+सीएसक्यू' या आज्ञेला ० ते ३१ मधला आकडा येतो. १० च्या खाली असेल तर अँटेना झाडांच्या वर न्या. ९९ आला तर सिग्नल मोजताच आलेला नाही असं समजा.

बॅटरीची डबी उन्हात टांगू नका. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतलंच तापमान ४५ अंशांच्या आसपास जातं, बंद डबी त्याहून तापते, आणि लिथियम-आयन सेल ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नये असं बहुतेक उत्पादक सांगतात. सोलर पॅनेल उन्हात, डबी झाडाखाली, मध्ये वायर: ही मांडणी ठेवा.

विहिरीवरची ५ एचपी थ्री-फेज मोटर चालू आहे का ते फोनवर दिसावं आणि फोनवरूनच चालू-बंद करता यावी. लाईन कधी रात्री येते. (आर्वी, जि. वर्धा)

आधी पाहण्याची सोय करा. चालू-बंदचं नंतर बघा.

प्रत्येक फेजवर एक एससीटी-०१३-०३० क्लॅम्प (प्रवाह मोजणारा चिमटा) लावा. तो ३० अँपिअरला १ व्होल्ट देतो आणि त्यात रोधक आतच असतो. क्लॅम्प एकाच वायरभोवती हवा. तिन्ही वायर असलेल्या अख्ख्या केबलभोवती लावला तर तिन्ही प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि शून्य दिसतो. सिग्नल शून्याच्या वर-खाली जातो, म्हणून १० किलोओहमचे दोन रोधक आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरून त्याला १.६५ व्होल्टवर उचलून धरा. २०० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या दहा आवर्तनांइतका वेळ नमुने घेऊन आरएमएस (एसी प्रवाहाचं परिणामी मूल्य) काढा. ५ एचपी मोटर पूर्ण भारावर साधारण ७ ते ८ अँपिअर घेते. तीन क्लॅम्प यासाठी की एक फेज गेली तर उरलेल्या दोन्हींमधला प्रवाह चढतो आणि मोटर जळते. एका क्लॅम्पवर हे समजेलच असं नाही.

मोटर वाचवण्याचं काम मात्र क्लाउडवर सोपवू नका. नेट गेलं की ते काम थांबेल. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) आणि ओव्हरलोड रिले (जास्त प्रवाहाला मोटर बंद करणारा) स्टार्टरमध्येच राहू द्या.

फोनवरून चालू करण्यात एक जीवघेणा धोका आहे. एमक्यूटीटी या बोर्ड आणि सर्व्हर यांच्यातल्या संदेश-पद्धतीमध्ये 'रिटेन' खूण लावून 'चालू' हा आदेश पाठवला तर सर्व्हर तो जपून ठेवतो. रात्री लाईन आली, बोर्ड जोडला गेला की कालचा आदेश पुन्हा पोचतो आणि मोटर आपोआप फिरते. त्या वेळी विहिरीत कुणी उतरलेलं असू शकतं. म्हणून आदेशाला रिटेन कधीही लावू नका. आदेशासोबत वेळ पाठवा आणि दोन मिनिटांहून जुना आदेश बोर्डाने टाकून द्यावा असं लिहा. स्टार्टरजवळ हाताने बंद करायचा स्विच असा ठेवा, की तो बंद असताना फोनवरून काहीही केलं तरी मोटर चालणार नाही. रिलेने थेट मोटर चालवू नका, स्टार्टरची कॉइल चालवा. ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

क्लाउडवर प्रवाहाची तीन व्हेरिएबल फक्त वाचण्यापुरती ठेवा. लिहिता येणारं एकच, आदेशाचं. प्रवाह ०.५ अँपिअरने बदलला की पाठवा, नाही बदलला तरी दर १० मिनिटांनी एकदा पाठवा. नाहीतर मोटर बंद आहे की बोर्ड मेला आहे, हे कळणार नाही.

धानाच्या बोडीतलं (छोट्या तळ्यातलं) पाणी अल्ट्रासॉनिक सेन्सरने मोजतो. दुपारी पाणी वाढल्यासारखं दिसतं. बोडीवर मोबाइलला रेंज नाही, गावात आहे. (साकोली, जि. भंडारा)

हा सेन्सर आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. पाणी वाढत नाही, तापलेल्या हवेत आवाज वेगाने जातो. हवेतला ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४५ अंशांना सुमारे ३५९. पाण्याचा पृष्ठभाग सेन्सरपासून २ मीटर खाली असेल तर एवढ्या फरकाने जवळपास ९ सेंटिमीटर चूक होते. सेन्सरशेजारी, सावलीत, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावा आणि वेग ३३१.३ + ०.६०६ × तापमान या सूत्राने काढा. त्याच्या डेटा वायरला ४.७ किलोओहमचा रोधक ३.३ व्होल्टकडे लागतो. वाचन ८५ आलं तर मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचलंत किंवा वीज खंडित झाली, उणे १२७ आलं तर वायर तुटली. हे दोन्ही आकडे क्लाउडवर जाऊ देऊ नका.

रेंजसाठी लोरा (कमी विजेत थोडी माहिती दूरवर पाठवणारा रेडिओ) वापरा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय खुलं आहे, त्यामुळे ८६८ चं म्हणून विकलं जाणारं मॉड्यूल घ्या, ४३३ चं नको. रिसीव्हर गावातल्या उंच छतावर बसवा. अँटेना जोडल्याशिवाय वीज देऊ नका, मॉड्यूलचा ट्रान्समीटर खराब होऊ शकतो. मजकूर जेसन मध्ये (नावं आणि आकडे अक्षरांत लिहिण्याच्या लांब पद्धतीत) न पाठवता पातळी मिलिमीटरमध्ये २ बाइट, तापमान २, बॅटरी २, अशा ६ बाइटांत पाठवा.

नेट गेलं की तेवढ्या वेळची माहिती गायब होते. (चिखली, जि. बुलढाणा)

प्रत्येक नोंद वेळेसह आधी बोर्डाच्या फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिटलएफएस या फाइल-पद्धतीने लिहा, मग पाठवा, आणि सर्व्हरची पोच आली की मगच खोडा. २४ बाइटांची नोंद दर १५ मिनिटांनी घेतली तर १ एमबीत वर्षाहून जास्त मावतं. पबसबक्लायंट ही एमक्यूटीटीची लायब्ररी क्यूओएस (संदेश पोचण्याच्या खात्रीची पातळी) ० नेच पाठवते, म्हणजे पोच मिळत नाही. क्यूओएस १ देणारी लायब्ररी घ्या. लाईन आल्यावर नेट नसेल तर बोर्डाला वेळ माहीत नसते, म्हणून डीएस३२३१ घड्याळ सोबत हवं.

आलेखातली वेळ साडेपाच तास मागे आहे. (गोंदिया)

सर्व्हर यूटीसी ही जागतिक वेळ धरतो. पाठवताना वेळेत १९८०० सेकंद मिळवू नका. डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडा.

बोर्ड दर अर्ध्या मिनिटाला ऑनलाइन-ऑफलाइन होतो. (उमरखेड, जि. यवतमाळ)

दोन बोर्डांत एकच प्रोग्राम टाकला आहे का? दोघांचा क्लायंट आयडी (सर्व्हरला सांगितलेलं बोर्डाचं नाव) सारखा असेल तर एक जोडला की सर्व्हर दुसऱ्याला तोडतो. आयडीमध्ये चिपचा मॅक पत्ता (प्रत्येक चिपचा वेगळा क्रमांक) जोडा. बोर्ड एकच असेल तर प्रोग्रामच्या लूपमधला लांब डिले (थांबण्याची आज्ञा) शोधा. पबसबक्लायंटचा कीप-अलाइव्ह ('मी चालू आहे' असं सर्व्हरला कळवण्याची मुदत) मुळात १५ सेकंदांचा असतो आणि त्याच्या दीडपट वेळ बोर्ड गप्प राहिला की सर्व्हर जोडणी तोडतो. डिले काढून मिलिस या फंक्शनने वेळ मोजा.