नोकरी सोडल्यानंतर आयकर विवरणपत्र स्वतः भरता येईल का?

आपण नोकरी सोडून इंटिरिअर डेकोरेशनची स्वतंत्र कामे घेता, २०२५-२६ या आर्थिक वर्षात आपले शुल्क सुमारे १४ लाख रुपये झाले आहे आणि त्याचे विवरणपत्र स्वतः भरता येईल की सीए गाठावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते स्वतः भरता येईल. मी बांधकामांच्या स्ट्रक्चरल डिझाइनची कामे करतो आणि गेली सहा वर्षे माझे विवरणपत्र मीच भरतो. फॉर्मला अर्धा तास पुरतो. मात्र त्याआधी जमेचा ताळा जुळवण्यात दोन संध्याकाळी जातात, आणि नवखा माणूस चुकतो तो तिथेच.

माझी पहिल्या वर्षीची चूक सांगतो. बिल ६०,००० रुपयांचे, त्यातून १० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) वजा होऊन खात्यात आले ५४,०००. मी पासबुक समोर ठेवून सगळ्या ५४,०००-छाप रकमांची बेरीज एकूण जमा म्हणून लिहिली आणि कापलेल्या टीडीएसवर मात्र पूर्ण हक्क सांगितला. फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर कापलेल्या कराच्या आयकर खात्याकडील तक्त्यात, माझी जमा जास्त दिसत असल्याने विवरणपत्र सदोष असल्याची कलम १३९(९) खालील नोटीस आली आणि ते १५ दिवसांत दुरुस्त करावे लागले. तेव्हा जमा लिहायची ती बिलाची, हाती पडलेली नव्हे. आपल्याकडे जीएसटी नोंदणी असल्यास त्यातला जीएसटी तेवढा बाजूला काढावा.

आपल्या बाबतीत उलट बाजूही आहे. कंपन्या टीडीएस कापतात, पण स्वतःचे घर सजवून घेणारा गृहस्थ सहसा कापत नाही. त्यामुळे त्याने यूपीआयने किंवा रोखीने दिलेले शुल्क २६एएसमध्ये येतच नाही. ते आपल्या वहीतून घेऊन मिळवावे लागते. शेवटच्या तिमाहीचा टीडीएस कंपन्या ३१ मेपर्यंत कळवतात, म्हणून जूनच्या मध्यापूर्वी घाई करू नये.

ताळा जुळल्यावर विवरणपत्राचा आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’, हा फॉर्म उघडावा. इंटिरिअर डेकोरेशन हा १९६१ च्या कायद्यातील कलम ४४एडीए खाली मोडणारा पेशा आहे, त्यामुळे ५० लाखांपर्यंतच्या जमेपैकी निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली की खर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. मात्र मग लॅपटॉपचा घसारा, पेट्रोल, ऑफिसचे भाडे यांची वेगळी वजावटही मिळत नाही. आपले उत्पन्न ७ लाख धरले जाईल. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत करसवलत असल्याने, भांडवली नफ्यासारखे वेगळ्या दराचे उत्पन्न नसेल तर कर शून्य येतो, आणि समजा ८ लाखांच्या बिलांवर ८०,००० टीडीएस कापला असेल, तर तो सगळा परत मिळतो. पगारदाराची ७५,००० ची प्रमाणित वजावट मात्र आता विसरावी. परताव्याचे बँक खाते आयकर खात्याच्या पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवावे आणि विवरणपत्र दाखल केल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करावी.

शेअर विकून अल्पकालीन नफा झाला असेल, तर आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो.

सीएकडे जावे असा एकच मुद्दा मला दिसतो. त्या १४ लाखांत प्लायवूड, हार्डवेअर आणि सुताराची मजुरी धरून घेतलेल्या पूर्ण ठेक्याचे पैसे असतील, तर तो पेशा राहतो की कलम ४४एडी खालचा व्यवसाय होतो, हे करारनाम्याच्या भाषेवरही ठरते; अशा वेळी करारनामा घेऊन जावे आणि तेवढाच सल्ला घ्यावा.