बंगला सोडायचाय? आधी कागद बघा

ताई, बंगला विकून फ्लॅटमध्ये जायचं तर माळ्यावरची भांडी नंतर. आधी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालकीचा सरकारी उतारा, काढा. त्यावर अजून सासऱ्यांचंच नाव असेल तर वारसनोंद करून घ्या, म्हणजे वारसांची नावं चढवा. त्यात महिने जातात, आणि एका नणंदेची सही राहिली तरी व्यवहार अडतो. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या, तीच खरेदीची किंमत धरता येते आणि भांडवली नफ्यावरचा, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरचा, कर बरेचदा खूप उतरतो. हा कर वाचवायचा तर नवा फ्लॅट विक्रीनंतर दोन वर्षांत घ्यायचा असतो. तोवर नफ्याची न वापरलेली रक्कम आयकर रिटर्नच्या मुदतीआधी बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात (त्यासाठीच असलेल्या खास खात्यात) भरा. हे अजिबात विसरू नका. सामानातलं काय न्यायचं ते आधी सासूबाईंना विचारा, मुलांना नंतर. आणि शिसवी कपाटाआधी नव्या इमारतीच्या लिफ्टचं माप घ्या.