अनेक प्रयोगशाळांचे नमुने तपासणाऱ्या सामायिक प्रथिन केंद्रात झेब्राफिश, सूत्रकृमी आणि यीस्ट या सर्वांसाठी नमुना तयार करण्याची एकच पद्धत ठेवता येईल का?

नाही, ट्रिप्सिन या विकराने प्रथिनांचे तुकडे करण्यापासून ते तुकडे वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रापर्यंतचे टप्पे सर्वांसाठी समान ठेवावेत, पण त्याआधीची तयारी सजीवागणिक वेगळीच हवी. झेब्राफिशच्या कोवळ्या भ्रूणात पीतकातील (भ्रूणाच्या अन्नसाठ्यातील) प्रथिने इतकी असतात, की पीतक न काढता नमुना चालवल्यास यंत्राचा बराचसा वेळ त्यांच्यातच जातो आणि संशोधकाला हवी असलेली विरळ प्रथिने हाती लागत नाहीत. सी. एलिगन्स हा सूत्रकृमी प्रयोगशाळेत ई. कोलाय जिवाणूंवर वाढवला जात असल्याने, कृमी धुतल्यानंतरही आतड्यातील जिवाणूंची प्रथिने नमुन्यात उतरतात. म्हणून यंत्राने मोजलेले तुकडे ज्या प्रथिनांच्या यादीशी ताडून पाहतात, त्या शोधाच्या डेटाबेसमध्ये ई. कोलायच्या प्रथिनांचे क्रम आवर्जून घालावेत, अन्यथा काही पेप्टाइड (प्रथिनांचे तुकडे) चुकून कृमीच्या नावावर जमा होतात. यीस्टची पेशीभित्ती फोडायला काचेचे बारीक मणी वापरावेत. नमुना स्वीकारण्याच्या अर्जातच सजीवाचे वय, खाद्य आणि बफरमधील (नमुन्याच्या द्रावणातील) डिटर्जंट विचारून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ट्रायटन एक्स-100 हा डिटर्जंट राहिलेला एक नमुना यंत्राआधी पेप्टाइड वेगळे करणाऱ्या त्याच स्तंभावर पुढे चालणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळेच्या नमुन्यांनाही बाधतो. मात्र पीतक काढताना भ्रूणाचीही काही प्रथिने वाहून जाऊ शकतात, तेव्हा तुलनेतील सर्व नमुन्यांवर ती प्रक्रिया सारखीच करावी.