आधी बोटीची मागची फळी मोजा, मग मोटारीचा भाव विचारा

नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात, पाणी चढलं की माझ्याकडे प्रश्नही चढतात. पैठण, गंगापूर, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी, गाव कुठलंही असो. बोट अ‍ॅल्युमिनियमची, १२ ते १४ फुटी, मागच्या फळीवर जुनी आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून अडकवायची मोटार बसलेली आणि विचारणा एकच, आता कोणती घेऊ? मी मोटारी दुरुस्त करतो, विकत नाही. त्यामुळे इथे कुठल्याही कंपनीची शिफारस मिळणार नाही. यंदा आलेल्या प्रश्नांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात तेवढे घेतले आहेत.

प्रश्न : आमची बोट १४ फूट लांब, मागे ४ फूट रुंद. ९.९ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटार गेली. ओळखीतून २५ हॉर्सपॉवरची जुनी मोटार नव्या ९.९ पेक्षा स्वस्तात मिळतेय. शेजारच्या संस्थेची बोट २५ वरच चालते. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. शेजारच्या संस्थेची बोट किती रुंद आहे, तिच्या पत्र्याची जाडी किती, मागच्या फळीच्या आत काय भरलंय, यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. ‘त्यांची चालते’ एवढ्यावर मोटार घेतली जाते आणि मग माझ्याकडे फाटलेली फळी येते.

तुमचाच हिशेब करू. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा लहान बोटींसाठी एक नियम आहे. लांबी आणि मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत घेऊन गुणायची. तुमचे झाले ५६. बोट हातदांड्याने वळवायची आणि तळ सपाट असेल, तर या आकड्याचं निम्मं करून १५ वजा करायचे. उरले १३, म्हणजे फार तर १५ हॉर्सपॉवर. तळ व्ही आकाराचा असेल तर ५६ ची ०.८ पट करून २५ वजा करा. २० च्या जवळ थांबता. हातदांड्यावर २५ कशातच बसत नाही. (गुणाकार ५२ च्या आत आला तर हे सूत्र लावू नका, त्याला वेगळा तक्ता आहे.) बोट बनवणाऱ्याने क्षमतेची पाटी लावली असेल तर तिच्यावरचा आकडा अंतिम. आपल्याकडच्या बहुतेक बोटींवर ती नसते, म्हणून हा खटाटोप.

आता वजन. ९.९ ची टू-स्ट्रोक ३५ ते ४० किलोंची. २५ ची ५० च्या पुढे, फोर-स्ट्रोक घेतली तर आणखी जड. तिच्याशेजारी २४ लिटरची टाकी आणि दांडा धरून बसलेला माणूस. सगळं ओझं मागच्या ३ फुटांत. पाणी फळीच्या काठापासून चार बोटांवर येतं. किनाऱ्याजवळ आल्यावर झटकन वेग कमी केलात की बोटीनेच उठवलेली लाट मागून येऊन आत पडते. नाथसागर ५० किलोमीटरहून लांब पसरलेला आहे, दुपारी वारा सुटला की लाटा वेगळ्या. अशा वेळी बोट मागूनच भरते.

आणि फळी, म्हणजे ट्रान्सम. मोटार खालून पुढे ढकलते तेव्हा तिला फळीवर आवळून धरणारा क्लॅम्प फळीची वरची कड मागे ओढत असतो. बाहेरून अ‍ॅल्युमिनियम दिसतं, आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. गेल्या उन्हाळ्यात एक बोट पाहायला गेलो होतो. पत्रा चकचकीत, मालक निश्चिंत. मोटार वर उचलून पंख्याकडचा भाग दोन्ही हातांनी धरला आणि वरखाली दाबला, तर फळी छातीसारखी आतबाहेर होत होती. एक बोल्ट काढला. भोकातून आधी काळं पाणी आलं, मग चहाच्या चोथ्यासारखा प्लायवूडचा भुगा. त्या बोटीवर त्याच आठवड्यात नवी मोटार बसणार होती. लहान पोरंही त्याच बोटीतून ये-जा करायची.

तर ही दाबून पाहण्याची परीक्षा आधी करा. फळी हलली तर मोटारीचे पैसे बाजूला ठेवून अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग जाणणाऱ्या माणसाकडे जा. फळी घट्ट निघाली तर ९.९ किंवा १५ घ्या, तीही बोट एकदा मेकॅनिकला दाखवून आणि तिच्यावर किती माणसं चढतात ते सांगून.

प्रश्न : शॉर्ट शाफ्ट की लाँग?

उत्तर : शाफ्ट म्हणजे मोटारीपासून खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा. फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत सरळ टेप लावा. १५ इंचांच्या आसपास आलं तर शॉर्ट, २० च्या आसपास आलं तर लाँग. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली आली पाहिजे. ‘लाँग घ्या, जोर जास्त’ असं सांगणारा दुकानदार पडून राहिलेला माल खपवतोय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती आणि बाभळीची खोडं वर येतात, लांब शाफ्ट आधी त्यांना लागतो.

प्रश्न : फवारणी पंपासाठी आणलेलं टू-टी ऑइल मोटारीत चालेल का?

उत्तर : नाही. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मोटारीच्या ऑइलची खूण) लिहिलेलंच हवं. प्रमाण मोटारीच्या पुस्तकातून घ्या. ५०:१ असेल तर लिटरला २० मिलि.

प्रश्न : पंपावर आता २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. मोटारीला त्रास होतो, हे खरं का?

उत्तर : खरं आहे. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तकात १० टक्क्यांची मर्यादा लिहिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते जास्त झालं की पाण्यासकट तळाशी बसतं. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून थोडा वेळ ठेवा. दोन थर दिसले तर ती टाकी वापरू नका. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात मिसळलेलं ऑइल वरच्या थरात राहतं, खालच्या थरावर चाललेली मोटार कोरडी चालते आणि जाम होते. लागेल तेवढंच पेट्रोल आणा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, हंगाम संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं करा. जुने रबरी पाइप बदलून घ्या. नवी मोटार घेत असाल तर विक्रेत्याकडून २० टक्के चालतं की नाही हे लेखी घ्या. तोंडी ‘काही होत नाही’ हे वॉरंटीत चालत नाही.

प्रश्न : ऑनलाइन फार स्वस्त मोटार दिसते, नाव ओळखीचं नाही. चालेल?

उत्तर : तिचे सुटे भाग, म्हणजे इम्पेलर (थंड करणारं पाणी खेचणारा रबरी पंखा), शिअर पिन (पंखा अडकला तर आधी तुटणारी खीळ) आणि प्लग, आज समोर ठेवायला विक्रेत्याला सांगा. ठेवले तर पुढचं बोलू. यातल्या बऱ्याच मोटारी गवत कापायच्या इंजिनाला शाफ्ट लावून केलेल्या असतात; न्यूट्रल आणि रिव्हर्स आहे का, तेही बघा.

प्रश्न : फोर-स्ट्रोक मोटार पिकअपमध्ये आडवी नेता येते का?

उत्तर : पुस्तकात दाखवलेल्या बाजूवरच. उलट ठेवली तर ऑइल सिलिंडरमध्ये जातं.

प्रश्न : आम्ही हिवाळ्यात पक्षी पाहायला जातो. आवाज नको म्हणून बॅटरीवरची मोटार घेऊन घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी लावावी म्हणतो.

उत्तर : कल्पना चांगली, हिशेब करून जा. ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलण्याच्या जोराची) १२ व्होल्टची मोटार पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास खेचते. म्हणजे ६०० वॅट, एक हॉर्सपॉवरही नाही. १०० अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतली निम्मी वीजच वापरायची, तेव्हा पूर्ण वेगात तासभर. संथ गेलात तर बरंच जास्त. पण परतताना वारा समोरून असेल तर हीच मोटार कमी पडते. दोन वल्ही बोटीत हवीतच. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी जड असते आणि कलंडली तर त्यातलं अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियम खातं. झाकणाच्या पेटीत पट्ट्याने बांधूनच न्या.

आणि मोटार घेण्याआधी परवानगी. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, वन विभागाला विचारल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका. यांत्रिक बोटीच्या नोंदणीसाठी अंतर्देशीय नौका कायदा, २०२१ आहे. तुमच्या बोटीला काय लागू होतं ते लेखी विचारून घ्या.

प्रश्न : गंज धरू नये म्हणून लावतात तो जस्ताचा तुकडा गोदावरीच्या पाण्यात चालतो का?

उत्तर : नीट चालत नाही. गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो. मॅग्नेशियमचा लावा. बोट कोकणात नेणार असाल तर तो काढा, खाऱ्या पाण्यात झपाट्याने संपतो.

प्रश्न : मोटारीतून मागे पडणारी पाण्याची धार महिनाभरापासून बारीक झाली आहे. हंगाम चालू आहे, दिवाळीनंतर दाखवली तर चालेल ना? की नवीनच घेऊ?

उत्तर : महिनाभर! ती धार म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. आधी मोटार बंद करून बारीक तारेने धारेचं भोक साफ करा, कधी कधी गाळच अडकलेला असतो. तरी धार सुटली नाही तर आतला रबरी इम्पेलर झिजला आहे. तो बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्याचा खर्च नव्या मोटारीच्या जवळपासही जात नाही. इंजिन तापून जाम झालं तर मात्र नवीन घ्यावीच लागेल. चालते की नाही हे पाहायला अंगणात कोरडी सुरू करू नका, पाण्याविना नवा इम्पेलरही लगेच जळतो. मोटारीवरच्या मॉडेल आणि सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो काढा, तो घेऊन याच आठवड्यात मेकॅनिककडे जा. तोवर जाळी टाकायला वल्ह्यांनीच जा, काठाच्या जवळ.