बाही नव्हे, आधी मुंढा बघा

प्रश्न : आमचा १५ जणांचा टेनिस बॉलचा संघ आहे. गेल्या मोसमात सगळ्यांना फुल बाहीच्या जर्सी शिवल्या. बॉलरनं हात वर नेला की पोट उघडं पडतं आणि बाकीचे बाह्या दुमडून फिरतात. यंदाच्या मे महिन्यासाठी हाफ बाहीच घ्यावी का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पोट उघडं पडतं तो दोष बाहीच्या लांबीचा नाही, मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडण्यासाठी जर्सीला कापलेल्या गोलाईचा आहे. मुंढा खोल कापला की बाही काखेच्या बरीच खाली जोडली जाते. मग हात वर गेला की ती अख्खी जर्सी सोबत ओढते. बाही दोन इंच वाढवा नाहीतर अर्धी करा, फरक पडत नाही. आधी एकच नमुना शिवून घ्या आणि तो घालून बॉलिंगचा हात पाच-सहा वेळा फिरवा. खालची कड दोन इंचांहून जास्त चढली, तर मुंढा अर्धा-पाऊण इंच वर घ्यायला सांगा. सोलापुरात गणवेश शिवणारे पुष्कळ. काम त्यांच्याकडे दिलंत तर हे आवर्जून बोला. वाढत्या अंगाच्या शाळकरी शर्टाला सैल मुंढा चालतो, बॉलिंगला नाही.

आता माप. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून, कोपर थोडं वाकवून, मनगटाच्या हाडापर्यंत टेप धरा आणि अर्धा इंच मिळवा. हात सरळ ठेवून मापलं, तर बॅट धरताच बाही वर पळते. रॅगलन बाहीची शिवण गळ्यापासून निघते, तिथं माप मानेच्या मध्यापासून घेतात. तुम्ही खांद्यापासूनचे २४ सांगितले आणि शिंप्यानं मानेपासून धरले, की बाही आठेक इंच आखूड आलीच!

हाफ बाही कोपराच्या तीन-चार इंच वर संपावी. नेमकी कोपरावर येणारी सगळ्यात वाईट, हात वाकवताना अडकते.

मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, तरी सरसकट हाफ करू नका. मुरमाड मैदानावर डाइव्ह मारणाऱ्याचं कोपर फुल बाहीच वाचवते, उन्हाचा चटकाही कमी लागतो. १४० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाचं) जाळीदार पॉलिएस्टर घ्या. ज्याला जी हवी ती बाही आधीच विचारून घ्या, पण छपाई एकाच वेळी करा. नंतरच्या खेपेला रंगाची छटा हमखास बदलते. सब्लिमेशनचा, म्हणजे कागदावरून उष्णतेनं कापडावर उतरवलेल्या छपाईचा, रंग कापडाच्या एकाच बाजूला बसतो, म्हणून दुमडलेल्या बाहीची आतली पांढरी बाजू लांबूनही दिसते. छापून झाल्यावर बाही आखूड केली, तर मोहरीवरची (बाहीच्या टोकावरची) पट्टी जाते ती वेगळीच.

प्रश्न : लेदर बॉलच्या सामन्यात चेंडू फक्त बाहीला लागून कीपरकडे गेला, तर बॅट्समन झेलबाद का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : नाही. बॅट धरलेल्या हातातला ग्लोव्ह बॅटमध्ये धरला जातो, बाही नाही. पण बाही ग्लोव्हच्या पट्ट्यावर आलेली असेल, तर चेंडू कशाला लागला हे पंचांनी ओळखायचं कसं? मोहरीचा घेर आठ इंचांच्या आत ठेवा आणि बाही ग्लोव्हच्या आत खोचा.