आईला कोण भेटणार, हे आईला विचारलंत का?

प्रश्न : माझी आई 79 वर्षांची आहे. न्यूमोनिया झाला म्हणून खासगी हॉस्पिटलमध्ये ठेवलं, नवव्या दिवशी आयसीयूत हलवलं. तेव्हापासून भाऊ मला आत जाऊ देत नाही. हॉस्पिटल म्हणतं, ‘जबाबदार नातेवाईक’ म्हणून फॉर्मवर त्याचं नाव आहे, तो सांगेल त्यालाच पास मिळेल. भाऊ आणि वहिनी रोज आत जातात. मुलगी म्हणून माझा काहीच हक्क नाही का? कोर्टात गेले तर किती दिवसांत आदेश मिळेल?

उत्तर : भाऊ असा का वागतो, त्याला हे शोभतं का, यावर मी शब्द खर्च करत नाही. अशी पत्रं सतत येतात. भावाच्या जागी वहिनी, सावत्र आई किंवा धाकटा दीर घातला की बाकी मजकूर तोच.

तुमच्या पत्रात कामाचं वाक्य एकच आहे आणि तेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. मावशी एकदा आत जाऊन आल्या. आईच्या तोंडावर बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा, मास्क आहे, बोलता येत नाही, पण ती माणसं ओळखते आणि मानेनं हो-नाही सांगते. सगळं प्रकरण या मानेवर आहे. आई शुद्धीवर आहे तोवर तिला कोणी भेटायचं हे ती ठरवणार. भाऊ नाही, तुम्ही नाही आणि हॉस्पिटलही नाही.

‘मुलीचा हक्क’ कायद्यात शोधायला गेलात तर हाती फार काही लागणार नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, केंद्राने 2019 मध्ये ती राज्यांकडे पाठवली. आयोगाच्या सनदेत 17 हक्क आहेत. माहितीचा आहे, संमतीचा आहे, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा आहे, बिलावरून पेशंट अडकवून न ठेवण्याचाही आहे. नातेवाइकांनी भेटण्याचा वेगळा हक्क नाही. पण गोपनीयता, सन्मान आणि संमती हे हक्क पेशंटचे आहेत आणि तुमची वाट तिथूनच जाते.

आता तो फॉर्म. तुम्हीच लिहिता की अ‍ॅडमिट करताना तो तुम्ही भरलात आणि बिल भाऊ देणार म्हणून त्या रकान्यात त्याचं नाव टाकलंत. खालचा मजकूर वाचला नाही. कोणीच वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वकील म्हणून चीड येते. पण त्या सहीला हॉस्पिटल देतंय तेवढं वजन नाही. जबाबदार नातेवाईक म्हणजे ज्याला फोन करायचा आणि ज्याच्याकडून पैसे घ्यायचे तो. त्या सहीने भाऊ आईचा पालक होत नाही. ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स’ हा 1890 चा कायदा अल्पवयीनांसाठी आहे, 79 वर्षांच्या बाईला तो लागत नाही. हॉस्पिटल भावाचं ऐकतं ते सोयीसाठी. घरच्या भांडणात त्यांना एकच माणूस समोर हवा असतो.

म्हणून उद्या सकाळी एक अर्ज द्या. मेडिकल सुपरिटेंडेंटच्या नावाने, प्रत उपचार करणाऱ्या डॉक्टरांना. त्यात ‘मला भेटू द्या’ असं लिहू नका. त्यावर ‘नियमात बसत नाही’ हे उत्तर तयार असतं. असं लिहा : ‘माझी आई शुद्धीवर आहे. तिला कोणाला भेटायचं आहे हे डॉक्टरांनी, इतर नातेवाईक जवळ नसताना, तिला विचारावं आणि तिचं उत्तर तारीख-वेळेसह केस पेपरवर नोंदवावं.’ तुम्हाला नाही म्हणणं सोपं आहे. पेशंटला विचारायलाच नकार देणं, आणि तेही लेखी, कुठल्याही डॉक्टरला जड जातं. मानेनं दिलेलं उत्तर चालतं. सही होत नसेल तर नोंदीखाली निशाणी डाव्या हाताचा अंगठा आणि समोर हजर असलेल्या सिस्टरची सही, इतकं पुरतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सहीसह पोच घ्या. तोंडी बोलण्यात तुम्ही आधीच बरेच दिवस घालवलेत.

हे सकाळच्या राउंडला व्हावं, असा आग्रह धरा. आयसीयूतल्या म्हाताऱ्या पेशंटना मधूनमधून भ्रम होतो. दिवसभरात कमी-जास्त होतो आणि रात्री बहुधा वाढतो. सकाळी तुमचं नाव ओळखणारी आई रात्री सिस्टरला परकी समजेल. संध्याकाळच्या नोंदीवर भावाचा वकील हाच मुद्दा काढेल.

त्याच अर्जात आणखी एक ओळ घाला : ‘आईच्या प्रकृतीची माहिती मलाही द्यावी आणि मोठा निर्णय घेण्याआधी मला विचारावं.’ डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारनियमांत, पेशंटच्या हिताला लागेल तेवढी प्रकृतीची कल्पना नातेवाइकांनाही असावी, असं म्हटलेलं आहे. कागदपत्रांच्या प्रतींचं मात्र वेगळं आहे. मागितल्यापासून 72 तासांत त्या द्यायच्या असतात, पण पेशंटला किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाला. तिथेही आईची संमती लागेलच, तेव्हा तीही त्याच नोंदीत विचारून घ्यायला सांगा.

वेळ, मास्क, हात धुणं, एका वेळी एकच माणूस, या नियमांशी भांडू नका. संसर्गाचं कारण खरं असतं आणि तिथे तुम्ही हरता. तुमची तक्रार ‘किती जण आणि कधी’ याबद्दल नाही, ‘कोण’ याबद्दल आहे. वहिनी चालते आणि मुलगी चालत नाही, याला संसर्गाचं कारण लागू पडत नाही.

आई ‘नको’ म्हणाली तर? तर संपलं. तो तिचा हक्क आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

कोर्टाचं विचारलंत. दिवाणी दावा लावून भावाविरुद्ध तातडीचा मनाई हुकूम मागता येतो. एकतर्फी मिळूही शकतो, पण खात्री देणार नाही. न्यायाधीशांनी ‘आधी नोटीस काढा’ म्हटलं की खेळ लांबला. समन्स बजावायचं, वकीलपत्र यायचं, लेखी म्हणणं द्यायला कायद्यानेच 30 दिवस, वाढवून 90. इतके दिवस आयसीयूत कोण असतं? हायकोर्टात रिट करता येतं, पण खासगी हॉस्पिटलविरुद्ध ते टिकेल का, हे प्रकरणागणिक बदलतं. आई पूर्ण बेशुद्ध झाली आणि तिच्या वतीने निर्णय घेण्यावरून तंटा उभा राहिला, तर मात्र हायकोर्टच. बेशुद्ध पेशंटसाठी पालक नेमण्याचे आदेश हायकोर्टांनी याआधी दिलेले आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखालील न्यायाधिकरणाकडे जा, असं कोणी सांगेल. ते प्रामुख्याने निर्वाहासाठी आहे, तुमचं काम तिथे होणार नाही. वकिलाची नोटीस पाठवायची असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

ज्यांचे आईवडील स्मृतिभ्रंशामुळे मनोरुग्णालयात किंवा मानसोपचार वॉर्डात आहेत, त्यांची स्थिती गमतीशीरपणे बरी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 26 मध्ये भेटायला येणाऱ्यांना भेटण्याचा किंवा नाकारण्याचा पेशंटचा हक्क सरळ लिहिलेला आहे, आणि आपला प्रतिनिधी साध्या कागदावर, सही-अंगठ्याने नेमता येतो. न्यूमोनियाच्या पेशंटला असं काही लिहून द्यावं, हे अजून कोणाला सुचलेलं नाही.

भाऊ आत जाऊन कागदांवर अंगठा घेईल, ही भीती तुम्ही लिहिली आहे. खरी भांडणं बहुतेकदा इथेच असतात. पण हे त्या अर्जात आणू नका. मालमत्तेचा शब्द आला की हॉस्पिटल ‘कौटुंबिक वाद’ म्हणून फाइल बाजूला ठेवतं. आजारपणात, दबावाखाली घेतलेला अंगठा करार कायद्याच्या कलम 16 खाली पुढे रद्द करून घेता येतो. आईची शुद्ध कोणत्या दिवशी कशी होती हे दाखवणारा केस पेपर तेव्हा तुमच्याच कामाला येईल.

आई घरी आली की वैद्यकीय इच्छापत्र करून घ्या, म्हणजे स्वतः सांगता येणार नाही अशा अवस्थेत जीव टिकवणारे उपचार कुठवर करायचे आणि निर्णय कोणी घ्यायचे हे आधीच लिहून ठेवलेला कागद. सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालानुसार त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणून फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. त्याच कोर्टाने 2023 मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. निर्णय घेणारे म्हणून एकापेक्षा जास्त नावं देता येतात, म्हणजे तुमचं आणि भावाचं दोघांचंही.

अर्ज दिल्यावर हॉस्पिटल कदाचित म्हणेल, ‘ठीक आहे, जबाबदार नातेवाईक म्हणून तुमचंही नाव जोडतो.’ तसं झालं तर बिलाची हमीही तुमच्या सहीने दिली जाईल. ती द्यायची की नाही, हे आजच ठरवा. आणि या वेळी सही करण्याआधी खालचा मजकूर वाचा.